सातवा होकार

सोमवार, ३ मार्च

मेले! परवाने तपासायला आलेल्या वकीलबाईंनी दुपारी माझ्यापुढे एक कागद ठेवला. आमचा 'वाचक' प्रोग्रॅम कागदावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. त्यातला उच्चारांचा भाग मी दोन वर्षांपूर्वी इंटरनेटवरून उचललेला. फुकट होता ना! परवाना कोण वाचतं? आणि त्यात स्वच्छ लिहिलंय – हा कोड घालून केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला द्याल, तर तुमचाही सगळा कोड खुला करा.

"माझी आठ वर्षांची मेहनत चव्हाट्यावर मांडू?" – साहेब. कंपनी त्यांचीच.

चूक माझीच, तसं सांगून टाकलं.

मंगळवार, ४ मार्च

तो भाग काढून पाहिला. मास्तर आले होते – निवृत्त शिक्षक, नजर गेलेली, आमचे पहिले गिऱ्हाईक. वाचकाला 'चमचा' वाचायला दिला. पठ्ठ्याने दोन्हीकडे चहातला च लावला! मग 'जग'. मास्तर म्हणाले, "हा मला जगायला सांगतोय की जगाची बातमी देतोय?" हसून हसून पोट दुखलं.

जाताना मात्र म्हणाले, "लेकीची पत्रं शेजारी वाचून दाखवतात, बाई. सगळ्या गल्लीला माझं घर पाठ आहे. पंधरा तारखेला देताय ना?"

द्यायचंच! वकीलबाईंनी वाट काढली – कोड लिहिणाऱ्यांनी वेगळी परवानगी दिली, तर आमचा कोड बंद ठेवता येईल. पण लिहिणारे सात. सातही जणांचा होकार हवा.

गुरुवार, ६ मार्च

मूळ लेखिकेचं उत्तर आलं! "खुशाल वापरा. पण मी एकटीने हो म्हणून चालायचं नाही, बाकीच्यांनाही विचारा." किती गोड बाई! संध्याकाळपर्यंत आणखी तिघांचे होकार. एकाने तर उलट मलाच विचारलं – "अजून चालतो तो?"

शनिवार, ८ मार्च

सहा झाले!!

उरला एक. च-ज-झच्या चारशे शब्दांची यादी करणारा. टोपणनाव 'चमचा'. ईमेल बंद पडलेला. ऑफिसात ओरडले, "कुणाला चमचा सापडतोय का?" हिशेबनीस मान वर न करता म्हणाले, "साहेबांच्या केबिनबाहेर बघा, रांग असते."

सोमवार, १० मार्च

चमचा नाही. झोपही नाही.

मंगळवार, ११ मार्च

बैठकीत साहेबांसमोर सातही नावं पहिल्यांदाच वाचून दाखवली. शेवटचं वाचलं आणि साहेब लालबुंद.

"तो... मीच."

कॉलेजात सरांच्या मागेमागे असायचे, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव! एका सुट्टीत आईकडून एकेक शब्द म्हणवून घेत यादी केली होती म्हणे. तेव्हा त्या प्रकल्पाचं नाव निराळं होतं, म्हणून ओळखू आलं नाही. आमची हसून पुरेवाट. मी तर टेबलच बडवलं – सुटलो! वकीलबाईंनी होकाराचा कागद पुढे सरकवला. साहेबांनी घडी घालून खिशात ठेवला. "उद्या देतो."

स्वतःच स्वतःला हो म्हणायला उद्या कशाला?

बुधवार, १२ मार्च

कागद आला. "परवानगी नाकारतो. यादी मी सगळ्यांसाठी केली होती. – चमचा." त्याखाली कंपनीचा शिक्का आणि साहेबांची सही – "'वाचक'चा सगळा कोड शनिवारी खुला करावा."