कडू दाणा

५ जानेवारी
आज कामाला लागले. शेंगदाण्यांचं कोठार, वर पत्रे, पण उजेड छान. लांबच लांब टेबलाशी बायका दाणे निवडतात. चांगला दाणा पुढे सरकवायचा. सुरकुतलेला, काळपट, हिरवी बुरशी धरलेला खाली टोपलीत. हे गेल्यापासून मी भिंतींशी बोलत होते, आता चार माणसांत बसायला मिळालं. शेजारच्या मावशींनी लगेच युक्ती शिकवली. शंका आली की दाणा दाताखाली धरायचा, कडू लागला तर थुंकायचा. मावशींचे हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं टम्म. साठीत पाळणा हलणार म्हणून सगळ्या चिडवतात. त्या म्हणतात, पोर आळशी आहे गं, बाहेर यायचं नाव घेत नाही.

२० मार्च
टोपलीतला माल घरी न्यायला मुभा आहे. नीट भाजला की बुरशीचा वास जातो. लेक परीक्षेसाठी जागते, वाळून गेलीय. रोज तिला वाटीभर देते. निमूट खाते गुणाची पोर.

११ ऑगस्ट
मावशी आल्या नाहीत. पोटात पाणी झालं होतं, मुकादम म्हणाला. गेल्या. दुपारीच त्यांच्या स्टुलावर नवी बाई बसली. मावशींच्या आधी तिथे कोण बसायचं, मी विचारलं. तीही पोटानंच गेली, पलीकडची म्हणाली, आणि विचारत बसू नकोस, निवड.
ह्यांचंही पोट शेवटी असंच झालं होतं.

२ सप्टेंबर
वाचनालयातून पुस्तक आणलं. या बुरशीचं विष यकृतात शिरतं. भाजून जात नाही. आणि रक्तात काविळीचा विषाणू आधीच मुरलेला असेल, तर कर्करोगाचा धोका कैक पटींनी —
ह्यांना तो विषाणू होता.

९ सप्टेंबर
दवाखान्यात दोघींचं रक्त तपासून घेतलं. तो विषाणू मलाही आहे. लेकीलाही. जन्मताना माझ्याकडूनच गेला असणार. यात आईचा दोष नसतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. विषाणूचा नसेल. पण ती वाटी —
कडू लागत नव्हते का गं, लेकीला विचारलं. म्हणाली, लागायचे. पण आई, तू इतक्या हौसेनं भाजायचीस.

१२ सप्टेंबर
झोप नाही. माझं यकृत काढून तिला लावा, डॉक्टरीणबाईंना म्हटलं. तेही बाधलेलंच, म्हणाल्या. आधी तिची सोनोग्राफी करू.

१५ सप्टेंबर
सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलेय. दाराचा पडदा अर्धवट ओढलाय. लेकीच्या उजव्या बरगडीखाली यंत्र फिरतंय. श्वास धर, म्हणाल्या. सोड. पुन्हा धर —
यंत्र एकाच जागी थांबलंय.
दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघंही स्क्रीनवर बघतायत — बोट ठेवून — माझ्याकडे कुणी बघत नाही —
लेकीनं मान वळवली. माझ्याकडे बघून हसतेय. तिला सोड म्हणालेलं नाही कुणी, ती अजून श्वास धरून —