हातावरचं दही

मरीन परेड, सिंगापूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नास, अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी बहिणी नुसत्या रडतो, म्हणून हा कागद. कोकणातून गलबतानं इथं आलेल्या पहिल्या माणसांचा देखावा इथलं मराठी मंडळ यंदा करतंय. ईस्ट कोस्टच्या वाळूवर पुठ्ठ्याचं गलबत आणि मागे खरा समुद्र. दिग्दर्शक रोहन पाया लेबारच्या ऑफिसात मॅनेजर, त्यामुळे तालमींचीसुद्धा एक्सेल शीट. खलाशी झालेल्या यशला मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावी लागतात. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

मला आई केलंय. निघालेल्या मुलाच्या तळहातावर दही घालायचं आणि सांभाळून जा म्हणायचं, एवढंच काम. रत्ना, मला ते जमणार नाही. दोन वर्षांत कुणाला बोलले नाही ते तुला सांगते. माझा सारंग शेवटचा निघाला तेव्हा बूट घालून, हात पुढे करून दारात उभा होता. इथली ऑफिसातली नोकरी सोडून पुन्हा बोटीवर चालला म्हणून मी रागावले होते. दही संपलंय, असं सांगितलं. फ्रिजमध्ये डबा भरलेला होता. दोन महिन्यांनी त्याच्या बोटीच्या इंजिन रूमला आग लागली. तुम्ही सगळे नशीब म्हणता. मला तो डबा दिसतो.

रोहनला नाही म्हणून कळवते. शामकांतरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी ताई,
संजीवनी

मुलुंड
१९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस, सा. नमस्कार.

पत्र वाचलं. मीही दोन वर्षं एक गोष्ट गिळून बसले आहे. बोटीवर जाण्याआधी सारंग एक रात्र आमच्याकडे होता. सकाळी निघताना त्यानं माझ्यापुढे हात केला. आईकडचं राहिलंय, म्हणाला. डबा त्यानं पाहिला होता, ताई. आईला धड थापही मारता येत नाही, म्हणून हसत होता. परत आलो की तिच्याकडून दोन चमचे वसूल करीन, म्हणाला.

मी दही दिलं. माझ्या हातचं खाऊन तो गेला आणि आला नाही. माझाच हात वाईट, असं वाटत राहिलं. तुला कळलं तर माझं तोंड बघणार नाहीस, ही भीती होती. आता तूच सांग, तुझ्या न दिलेल्या दह्याचा दोष की माझ्या दिलेल्याचा?

रोहनला नाही म्हणू नकोस. प्रकृतीला जप आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
रत्ना

मरीन परेड
९ मार्च २०२५

चि. रत्नास, अनेक आशीर्वाद.

तुझा हात वाईट नाही. हे आधी लिहिते, बाकीचं मग.

काल देखावा झाला. दही घरूनच नेलं, त्याच डब्यातून. यश हात पुढे करून उभा राहिला. मी एक चमचा घातला, मग दुसरा. पुरे लाह आँटी, असं तो इथल्या ढंगात पुटपुटला. आता सांभाळून जा म्हणायचं होतं. लोक थांबलेले, रोहन मागून वाक्य सांगतोय. मी यशचं मनगट धरलं आणि म्हणाले, की घरात दही होतं रे.

त्याला काही कळलं नाही. दही चाटून तो गलबतात चढला.

आता तुझ्या पत्राची वाट बघते.

तुझी,
ताई