ओळखीची चिठ्ठी

अकोला, शनिवार, ३० एप्रिल १९६६

आज आमचे मॅनेजर वानखडेसाहेब रिटायर झाले. हारतुरे आटोपल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी एक पिवळं पडलेलं पाकीट हातात ठेवलं. "घे, तुही अमानत माह्याजवळच राहून गेली."

अक्षर लगेच ओळखलं. बडनेऱ्याच्या शाळेतले आमचे तायडे मास्तर! नऊ वर्षांपूर्वी त्यांची ही चिठ्ठी घेऊनच मी या लहानशा बँकेत नोकरी मागायला आलो होतो. ओळखीशिवाय दारात तरी कोण उभं करत होतं? पाकीट चिकटवलेलं, मी उघडलं नाही. अकोल्यापर्यंत गाडीत नुसता घोकत बसलो, 'मले' नाही, 'मला'. साहेबांपुढे दहा मिनिटं 'मला, मला' केलं. त्यांनी चिठ्ठी वाचून चहा सांगितला. मग चहा आला, जीभ भाजली आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, मले नोकरीची लय गरज हाये." वाटलं, संपलं! साहेब हसले. म्हणाले, "सोमवारी ये."

का हसले ते आज कळलं. चिठ्ठीत दोनच ओळी आहेत. 'पोरगा आधी पाठ केलेलं बोलेल. 'मले' म्हणेपर्यंत थांबा, मग ऐका.'

नोकरी लागल्याचं सांगायला मी मास्तरांकडे गेलोच नाही. येत्या रविवारी जाऊ, येत्या रविवारी जाऊ, असं करत राहिलो. त्यांना जाऊनही आता चार वर्षं झाली.

मघाशी चिठ्ठी समोर धरून म्हटलं, "मास्तर, मला नोकरी लागली."

छे. पुन्हा म्हटलं, "मास्तर, मले नोकरी लागली."