आरोहीच्या नावाने लॉगिन

३ फेब्रुवारी, देवास
धारहून सकाळच्या बसने आलो. खिडकीची सीट, मन एकदम खुश! कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबा बोलत नाहीत, न बोलोत. काम सोपं आहे: धरणाच्या पाण्यात गेलेल्या निसरपुरच्या घरांचे फोटो कॉम्प्युटरवर चढवायचे. साहेब शरच्चंद्रकाका, जुन्या वळणाचे, मला ‘चिरंजीव’ म्हणतात. शेजारच्या टेबलावरचा अंशुल इथल्या बोलीत ‘भिया’, म्हणजे भाऊ. माउस नाही, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. त्यात गेल्या वर्षापासून नवी सोय आलीय: आधी आपल्या नावाने लॉगिन, मग ‘लिस्ट’ लिहिलं की कोणी, कुठून, किती वाजता कुठली फाइल चढवली ते सगळं समोर.

आरोही इथेच कामाला होती. म्हणून तर आलो.

४ फेब्रुवारी
तुझं लॉगिन बनायला आठवडा लागेल, थांब, असं काका म्हणाले. थांबणं आपल्याला जमत नाही. आरोहीचं नाव अजून कोणी काढलं नव्हतं, तेच टाकलं. पासवर्ड माझं नाव. आमच्या भांडणानंतरही तिने बदलला नव्हता, पगली. अंशुल म्हणाला, क्या भिया, इश्कातही स्वतःचंच नाव!

सप्टेंबरात ती निसरपुरला नावेतून फोटो काढत होती. मला फोन केला. मी रागात होतो, कापला. नाव उलटली. ती सापडलीच नाही.

६ फेब्रुवारी
लिस्टमध्ये तिच्या नावाने नवी फाइल. आजची! निसरपुर, ११:४२. उघडली तर पाण्याखालची पायरी. मस्करी समजून अंशुलची कॉलर धरली. आईची शपथ घेऊन रडायलाच लागला.

फोनमध्ये शोधलं. तिचा तो फोन मी कापला तेव्हाही ११:४२.

७ फेब्रुवारी
परत ११:४२. वरची पायरी, पाण्याबाहेर. पायरीवर ओली पावलं.

१० फेब्रुवारी
आता ठिकाण निसरपुर नाही. धार. आमच्या घराचं दार — बाबांची चप्पल भिजलेली —

११ फेब्रुवारी
देवास. ऑफिसचा जिना.
खाली धावलो. कोणी नाही. पायऱ्या ओल्या. काकांनी माझा हात धरला, लॉगआउट कर, तिच्या नावातून बाहेर पड, म्हणाले.

१२ फेब्रुवारी
अंशुल आलाच नाही. काका दाराबाहेरूनच ओरडतायत — लॉगआउट लिही, एकच शब्द —
एकच शब्द. म्हणजे तिचा फोन परत कापायचा.
नाही कापणार.

११:४१. लिस्ट.
तिच्या नावाखाली माझं. माझं लॉगिन तर अजून बनलंच नाही — ठिकाण निसरपुर. वेळ ११:४२.
उघडली. हिरवं पाणी. त्यात माझे केस तरंग—

फोन वाजतोय. तिचं नाव.
उचल—