"हां" म्हटल्याशिवाय नाही

४ मार्च

चि. खिळ्यास, थोरल्या बहिणीचा येशूच्या नावाने सलाम.

मी इकडे मावशीकडे आहे. इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुते. चार इयत्तांची माझी अक्कल, वेलांट्या सांभाळून घे. जखम भरली का ते लिही. पट्टी कोमट पाण्यानं भिजवून सोडवायला बायकोला सांग, नाहीतर ओढून काढेल, धसमुसळी आहे.

आता मुद्द्याचं. सत्तूर निसटला असं तू सगळ्यांना सांगितलंस. निसटला नाही. बाबांनी शिकवलं तसं, हाड धरणारा "हां" म्हणतो, मग मारणारा मारतो. अठरा वर्षं आपण मटणाच्या दुकानात तशीच हाडं तोडली. त्या दिवशी तू "हां" म्हणाला नव्हतास. तू गिऱ्हाइकांसमोर बडबडत होतास, की ताईचं पोर मेलं ते सुटलं, तिच्या जिभेच्या तावडीतून. मला तुझी बोटं दिसत होती. दिसत असताना मारला. दोन बोटं भुशात पडली तेव्हा क्षणभर बरं वाटलं. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

तेव्हापासून प्रभुभोजनाला बसत नाही. भाकर पुढं आली की उठून बाहेर जाते.

लोभ असावा असं कुठल्या तोंडानं लिहू? असेल तेवढा असू दे.

तुझी ताई

२० मार्च

ताईस,

सलाम घातलेला नाही असं समज. डाव्या हातानं लिहितोय, कोंबडीनं उकरल्यासारखं दिसेल.

नवं काय सांगितलंस? हाड तोडताना तू दात खातेस. त्या दिवशी तुझं तोंड शांत होतं. मला तेव्हाच कळलं. निसटला म्हणालो ते तुझ्यासाठी नव्हे, बहिणीनं तोडलं म्हणायची लाज वाटली. घरी येऊन तुझी खाट सत्तुरानं फोडली, गादी फाडली. बायको आडवी आली, तिला ढकललं. तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं, तीन टाके पडले. तुझा हात सडावा म्हणून रोज गुडघे टेकून प्रार्थना केली. पाळकांना हे सांगितलं तर म्हणाले, देवाशी खरं बोलतोयस, एवढं तरी बरं.

इकडे येऊ नकोस. लोभाचं मला विचारू नकोस.

खिळ्या

२ एप्रिल

चि. खिळ्यास सलाम. तू घेतला नाहीस तरी मी घालणार.

बायकोला ढकललंस? मूर्खा, तिनं तुझं काय घोडं मारलं होतं? आधी तिची माफी माग, मग माझ्यावर डाफर.

मी येते. दुकानातल्या ओंडक्यावर हात ठेवते, तू माझी दोन बोटं तोड. फिटंफाट. इथले पाळक म्हणतात कृपा फुकट असते. फुकटचं मला कधी पचलं नाही.

उरलासुरला लोभ राहू दे.

ताई

९ एप्रिल

ती. ताईस सलाम.

तुझी बोटं घेऊन काय करू, दुकानात टांगू? गिऱ्हाईक हाडकं म्हणून परत आणील.

बायकोची माफी मागितली. म्हणाली, तुम्ही दोघं एकाच ओंडक्याच्या ढलप्या, आणि टाके दुखतात तोवर मी बोलणार नाही. बोलत नाही.

तुझ्या पोराची पेटी मीच उचलली होती, ताई. खांदा लागला नाही, दोन हातांवर मावली. असं असून त्या दिवशी जे बोललो, ते मी बोललो. निसटलं नाही.

रविवारी भाकर माझ्या तीन बोटांतून खाली पडली. शेजारच्या म्हातारीनं उचलून परत हातात ठेवली, तोंड वाकडं केलं नाही. मी खाल्ली. तेव्हा वाटलं, तू तिकडे बाहेर उभी असशील.

दुकानातला नवा गडी पन्नाशीचा आहे, पण सत्तूर उचलला की डोळे मिटतो. त्याच्यापुढं हात धरवत नाही. तुझ्यापुढं धरवेल का, ठाऊक नाही. तरी डावा हात धरीन म्हणतो. खाट जोडलीय, एक पाय आखूड झालाय.

लोभ वाढवायचा की नाही ते येऊन ठरव.

खिळ्या

१३ एप्रिल

चि. खिळ्यास सलाम.

शुक्रवारी निघते. खाटेच्या पायाखाली वीट सरकव. भावजयीला सांग, मी आल्यावर तुझ्याशी बोलली नाही तरी चालेल, मी तिच्याच बाजूनं गप्प बसेन.

शनिवारी बकऱ्याची मांडी ओंडक्यावर ठेव, डावा हात धर, आणि तुला जमेल तेव्हा "हां" म्हण. सकाळ जाऊ दे, दुपार जाऊ दे, गिऱ्हाईक शिव्या घालत परत जाऊ दे. तू म्हणेपर्यंत मी सत्तूर वर धरून उभी राहीन.

तुझी ताई