आवाज न करणाऱ्या चाकूची मालकी

मी, ओदिल वेसाद, वय एक्याऐंशी, राहणार फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावरची ल प्युएश वाडी, कंबर सोडून बाकी सगळे ठणठणीत असताना आणि मुलगा व सून दोघेही गवताच्या शेतावर गेलेले असताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. या घरातला दडपण आणणारा माणूस १९८३ सालीच वारला. त्याचा समाचार पुढे घेतला आहे. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात लिहिले होते आणि त्यात मुख्यतः कोंबड्या होत्या.

नोटरीसाहेब म्हणाले, असल्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कागदाला साक्षीदार लागत नाहीत, अक्षरच साक्ष देते. माझे अक्षर पाहिलेला माणूस असे बोलणार नाही. म्हणून शेजारचे एउजेन काझाल आणि त्यांची बहीण बेर्थ यांना बोलावून घेतले आहे. दोघेही आत्ता समोर बसून माझी वाइन पीत आहेत.

कलम एक. जमीन, बेचाळीस गायी आणि ट्रॅक्टर माझा एकुलता एक मुलगा रेजिस याला. कायदा म्हणतो की मुलाला अर्धा वाटा द्यावाच लागतो, आईची इच्छा असो वा नसो. माझी इच्छा होतीच, पण कायद्याने एकदा विचारले असते तर बरे वाटले असते. रेजिस माणूस चांगला आहे. गाय अडली तर तीन-तीन तास शेणात गुडघे टेकून बसतो. फक्त जेवायच्या टेबलाशी बसला की त्याच्या अंगात आजोबा येतात.

कलम दोन. माझी लाकडी शिडी, जी एउजेनने अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली, ती एउजेनला. आता तरी त्याने ती माझ्यासमोरून ताठ मानेने न्यावी.

कलम तीन. सासरे फिर्मँ वेसाद यांचा शिंगाच्या मुठीचा चाकू. हाही रेजिसला. तसा तो त्याने खणातून काढून घेतलेलाच आहे.

या चाकूबद्दल चार शब्द लिहिणे भाग आहे. आमच्याकडे जो तो आपल्या खिशातला चाकू काढून जेवतो, आणि टेबलाच्या वरच्या टोकाला बसलेल्या माणसाने आपला चाकू मिटला की जेवण संपले. सगळ्यांनी उठायचे, ताटात काहीही उरलेले असो. फिर्मँना पहिले वाढले जाई. ते दहा मिनिटांत जेवत आणि खट् करून चाकू मिटत. गडी उठत, माझा नवरा मार्सेलँ उठे. वाढणारी बाई सगळ्यात शेवटी टेकते, त्यामुळे माझा पहिला घास बहुधा तोंडाच्या वाटेवर असायचा. १९६४ साली मी या घरात आले. तेव्हापासून एकोणीस वर्षे मी मोरीपाशी उभ्याने जेवले. एवढ्या काळात ब्र काढला नाही, याची मला आजही लाज वाटते.

आता गंमत ऐका. अशा चाकूचे पाते बोटाने आवरून हळू आत सोडायचे असते. सोडून दिले तर धार आतल्या स्प्रिंगवर आपटते. हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण हळू मिटला तर आवाज कसा येणार, आणि आवाजाशिवाय हुकूम कसा सुटणार? म्हणून फिर्मँनी आयुष्यभर स्वतःच्या चाकूची धार रोज दोन वेळा आपटून घेतली. पात्याच्या पोटाला खाच पडली. शेवटी शेवटी त्याने लोणीसुद्धा धड कापले जाईना, पण अख्खे घर उठत होते. रेजिसने तो धार लावायला नेऊ नये. काही उपयोग नाही.

कलम चार. राहते घर, जे मार्सेलँने जाण्यापूर्वी माझ्या नावावर करून दिले, ते माझी सून नादेज हिला. घरात जेवणाचे टेबल आले, आणि टेबलात वरच्या टोकाची खुर्चीही आली. रेजिसला हे खटकेल. त्याने ट्रॅक्टरवर बसून विचार करावा.

कलम पाच. माझा स्वतःचा चाकू. हाही नादेजला. हे कलम लांबेल. बेर्थ, ग्लास भरून घे.

हा चाकू मी २००४ च्या हिवाळ्यात थिएरला, चाकू बनवणाऱ्यांच्या गावी, बसने जाऊन घेतला. नव्या पद्धतीचा आहे: पाते माझ्या तर्जनीएवढे, मूठ ज्युनिपरच्या लाकडाची. पाते उघडे धरणारा खटका नाही, नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर राहते. खटक्याचे चाकू दुकानदाराने आधी दाखवले, ते मी परत केले. एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात चाकू असताना खटका सोडायला तिसरा हात कुठून आणू? मला हवे होते ते असे: ओल्या, सांधे धरलेल्या बोटांनी उघडला पाहिजे, सॉसेज कापताना बोटांवर मिटता कामा नये, एप्रनचा खिसा लोंबता कामा नये. दुकानदार पोलादाबद्दल बोलत होता. मी एकेक चाकू कानाशी नेऊन मिटत होते.

"बाई, चाकू घेताय की घड्याळ?" तो म्हणाला.

"मिटताना न ओरडणारा हवाय."

"अहो, लोक मुद्दाम आवाजाचा मागतात! त्या आवाजावर तर आमचं दुकान चालतं."

"त्याच लोकांच्या घरून आलेय मी."

मग त्याने आतल्या कपाटातून हा काढला. यात पात्याचा मागचा भाग एका बारीक खिळीवर टेकतो, धार कशालाच लागत नाही, आणि स्प्रिंग मऊ आहे. चौदावा चाकू होता. मिटला आणि काहीच ऐकू आले नाही. माझे तर डोळेच भरून आले. दुकानदाराला वाटले, किमतीमुळे.

वापराबद्दल: उजव्या खिशात एकटाच ठेवावा, रुमालासोबत नाही, धागे सांध्यात जातात. महिन्यातून एकदा तेलाचा एक थेंब. अक्रोडाचे तेल नको, चिकट होते, रेजिसचा तो पराक्रम करून झाला आहे. कंबरेच्या ऑपरेशनच्या वेळी नर्सने माझा एप्रन घेतला, दात घेतले, तोवर मी काही बोलले नाही. चाकू मागितला तेव्हा मात्र डॉक्टरांना यावे लागले.

आता हा चाकू का घेतला ते. मार्सेलँ २००३ मध्ये गेला आणि वरच्या टोकाला मी बसू लागले, फिर्मँचा चाकू घेऊन. पुढच्या वर्षी नादेज लग्न होऊन आली. जूनमध्ये गवताचे दिवस होते, टेबलाला आठ माणसे. ती तवा घेऊन सगळ्यांमागे फिरत होती. शेवटी टेकली, एक घास घेतला. बाहेर आभाळ भरून आले होते, गवत उघड्यावर होते, आणि खरे सांगायचे तर तिचा संथपणा मला डाचत होता. मी चाकू मिटला. खट्. सगळे उठले. तीही उठली.

टोपी विसरले म्हणून मी परत आले. नादेज मोरीपाशी भिंतीकडे तोंड करून, ताट हातात धरून गार बटाटे खात होती. माझ्याच जागेवर. मी टोपी उचलली आणि निघून गेले. पाऊस आलाच नाही त्या दिवशी.

या गोष्टीसाठी मी तिची माफी मागते. तोंडाने मागायचे धैर्य वीस वर्षांत झाले नाही, चाकू बदलून भागवले. आता दोन वर्षांपासून मी चुलीजवळच्या खुर्चीत असते, वरच्या टोकाला रेजिस बसतो, आणि खट् पुन्हा सुरू झाले आहे. नादेजने हा चाकू घेऊन तिथे बसावे एवढीच माझी इच्छा आहे.

कलम सहा. माझ्या अंत्यविधीनंतरचे जेवण नादेजने करू नये. बाहेरून मागवावे, तिने सगळ्यांच्या आधी बसावे.

ल प्युएश, २६ जून २०२४, सकाळी अकरा.
सही: ओदिल वेसाद
साक्षीदार: एउजेन काझाल (शिडी कबूल), बेर्थ काझाल

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी चार वाजता.

सह्या करण्याआधी एउजेनने हे सगळे मोठ्याने वाचले. तोवर नादेज शेतावरून येऊन स्वयंपाकघरात बटाटे आणि चीज घोटत होती. पाचवे कलम संपल्यावर बेर्थने ग्लास खाली ठेवला.

"अगं ओदिल, जिची माफी मागायचीय ती भिंतीपलीकडे आहे. आणि तू हे नोटरीच्या कपाटात ठेवणार?"

"मेल्यावर तिला मिळेलच की."

"मेल्यावर माफी मागायला काय लागतं? समोरून शिव्या थोड्याच येतात!"

बेर्थशी माझे पन्नास वर्षांत एकदाही पटलेले नाही. मी काठी घेतली आणि आत गेले.

"नादेज, तू आलीस त्या वर्षी, गवताच्या दिवसांत..."

"माहितीये मला, आई."

"काय माहितीये?"

"तुम्ही टोपी न्यायला आला होतात. आणि मग त्या हिवाळ्यात थिएरला जाऊन चाकू बदलून आलात. मला वाटलं, आज बोलतील, उद्या बोलतील." तिने घोटणे थांबवले नाही. "वीस वर्षं लावलीत."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं."

एवढेच म्हणाली, पण हात पुसून पुढे केला. मी चाकू तिच्या हातावर ठेवला. तिने उघडला, मिटला, कान देऊन ऐकले आणि उजव्या खिशात टाकला.

जेवायला आम्ही पाच जण होतो. नादेजने सगळ्यांना वाढले आणि शेवटी बसली. रेजिसचे संपले. त्याने चाकू मिटला. खट्. एउजेन पाहुणा असून अर्धा उठला. मी स्वतः काठीला हात घातला, सवय वाईट. नादेज उठली नाही. तिने सॉसेजचा तुकडा कापला, चावला, गिळला.

"बस खाली, रेजिस. मी जेवतेय."

रेजिसने माझ्याकडे पाहिले. मी पाव मागितला. तो बसला.

सबब पाचव्या कलमातला चाकू माझ्या मालमत्तेतून वजा करावा, तो आता माझा नाही. बाकी मृत्युपत्र कायम. जेवण पावणेतीनपर्यंत चालले.

सही: ओदिल वेसाद
साक्षीदार: बेर्थ काझाल. एउजेन काझाल घरून शिडी परत आणायला गेला असल्याने त्याची सही नाही.