दोरी बांधल्याची नोंद

प्रिय दादा,

ज्या माणसाचा उजवा हात खांद्यापासून गेला आहे, त्याच्याकडे हात नसल्याचा पुरावा मागणाऱ्या बाईला काय म्हणायचं? चार दिवस विचार करते आहे, उत्तर सापडत नाही. ती बाई मीच आहे, म्हणूनही असेल.

सारखा शिट्टी वाजवतो म्हणून कारखान्यात तुम्ही ज्याला शिट्टीच म्हणता, त्याने तुझ्या मालकांवर केलेल्या दाव्यात मालकांच्या बाजूचा अकरावा अर्ज मी लिहिला. हात खरंच खांद्यापासून गेला आहे का, याची पुन्हा तपासणी व्हावी, असा. आमचे वकीलसाहेब म्हणाले होते, "अर्जात दम नसला तरी चालतो, समोरच्याचा दम निघाला पाहिजे." मी हसले होते, दादा. कोर्टात शिट्टी उठला आणि कुणी काही सांगायच्या आत डाव्या हाताने, दातांनी शर्टाची बटणं सोडून त्याने खांदा न्यायाधीशांसमोर धरला. गच्च आवळून शिवलेल्या पोत्याच्या तोंडासारखा दिसतो तो. अर्ज तिथल्या तिथे फेटाळला गेला आणि निव्वळ छळासाठी अर्ज केला म्हणून आम्हाला दंड झाला. बाहेर जिन्यावर त्याच्या बायकोने माझ्या कानशिलात भडकावली. कानातलं तुटून मानेवर रक्त ओघळलं. "शिकलेली ना गं तू?" एवढंच म्हणाली. साहेबांनी रुमाल पुढे केला आणि म्हणाले, बाईवर पोलिसात तक्रार ठोकू. मी नको म्हटलं.

तो अपघात झाला त्या दिवशी तू घरी आलास ते आठवतंय? शर्ट तीनदा धुतलास, मग चुलीत घातलास. जेवायला बसलास आणि मोरीत जाऊन ओकलास. नंतर भिंतीकडे बघत सांगितलंस की रबर मळायच्या दोन रोलरमध्ये आधी त्याची बोटं गेली. तो शिट्टी वाजवत होता, ती थांबली नाही, तिचीच किंकाळी झाली. तू रोलर उलटे फिरवलेस तेव्हा हात परत आला, पण तो हात नव्हता. मी विचारलं, यंत्र बंद करायची डोक्यावरची दोरी? तू म्हणालास, होती की, हाताशीच होती, त्यानेच ओढली नाही. कोर्टात शपथेवरही तेच सांगितलंस. माझा विश्वास बसला. तुझ्यावर नाही बसणार तर कुणावर?

सातवीत प्रगतिपुस्तकावर मी तुझी खोटी सही केली होती. तू पट्ट्याने फोडून काढलंस मला, पाठीवर अजून एक वळ आहे. मग माझ्यापेक्षा जास्त तूच रडलास. म्हणालास, "सही म्हणजे तिथे स्वतः उभं राहणं असतं, भांडकुदळे. दुसऱ्याला उभं करायचं नसतं." बाबा गेल्यावर शाळा सोडून तू मला शिकवलंस. घरातली पहिली पदवी, पहिली वकिलीण. माझ्या नोकरीसाठी मालकांनी वकीलसाहेबांकडे शब्द टाकला तेव्हा तू त्यांच्या पाया पडला होतास.

दादा, अपघाताच्या त्या पाळीचं रजिस्टर कोर्टाने मागितलं, तेव्हा ते पाण्यात भिजून नष्ट झालं असं प्रतिज्ञापत्र मी लिहिलं. साहेबांनी सांगितलं म्हणून. न बघता खाली माझी सही केली. कानाखाली बसली त्याच संध्याकाळी साहेबांनी कपाटातून ते रजिस्टर काढून माझ्यापुढे टाकलं. कोरडं ठणठणीत. "कागद कातरायच्या यंत्रात घाल. एकेक पान." मी घातली. यंत्राने पान दातात धरलं की ते हिसका देऊन आत ओढतं, बोटं सोडवून घ्यावी लागतात. नऊ पानं गेली. दहावं अर्धं आत गेल्यावर मला तुझं अक्षर दिसलं, आणि मी ते दोन्ही हातांनी मागे खेचलं. फाटलं, पण वाचता येतं. "दोरी वर आढ्याला बांधली. यंत्र सारखं थांबून रबर चिकटतं म्हणून. मालकांनी समोर उभं राहून बांधायला लावली. मी नको म्हणालो." खाली तुझी सही.

तू नको म्हणाला होतास! आणि तरी कोर्टात दोरी मोकळी होती म्हणालास. माझ्या नोकरीसाठी ना? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. रागाने मी टेबलावर मूठ इतकी आपटली की बोटं अजून सुजलेली आहेत. हे अक्षर त्यामुळेच असं वाकडं.

कोर्टाचा माणूस दारात यायच्या आधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे. आज सकाळी अकरा वाजता मी ते रजिस्टर, चिकटवलेलं दहावं पान आणि नऊ पानांच्या पट्ट्यांची पिशवी न्यायाधीशांपुढे ठेवली. साहेब माझ्या दंडाला धरून ओढत होते, नखं रुतली. पुरावा लपवल्याबद्दल मालकांचा बचाव आता ऐकलाच जाणार नाही असं दिसतं. साहेबांवर कारवाई होईल. माझी वकिलीची सनद बहुधा जाईल. खोट्या साक्षीबद्दल तुलाही बोलावतील, दादा, ते मला ठाऊक होतं. खोटं प्रतिज्ञापत्र कुणाचं, असं न्यायाधीशांनी विचारलं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, सही माझी आहे.

तुझीच,
भांडकुदळ